वही त्यांच्या हातात राहू द्या

तरुण स्वयंसेवकांना कामाला घेणाऱ्या सर्व संस्थांचे विश्वस्त, कार्यवाह आणि समन्वयक यांस,

स. न. वि. वि.

तुमच्या वार्षिक अहवालात ‘युवा सक्षमीकरण’ असं एक पान हमखास असतं. त्यावर आकडे असतात: किती मुलं आली, किती तास राबली, किती प्रमाणपत्रं वाटली. शेजारी एक फोटो, त्यात सगळे एकसारख्या टी-शर्टात अंगठा वर करून उभे. असली पानं मीही लिहिली आहेत. दृष्टिहीन विद्यार्थ्यांची लेखनिक, म्हणजे परीक्षेत त्यांची उत्तरं लिहून देणारी, म्हणून मी या कामात आले, पुढे लेखनिकांची जुळवाजुळव करू लागले आणि मग बरीच वर्षं तुमच्याच रांगेतल्या खुर्चीत बसले. त्यामुळे हे पत्र कुंपणाबाहेरून दगड मारणाऱ्याचं नाही. ज्या चुका यात सांगणार आहे त्यातल्या निम्म्याअधिक माझ्याच आहेत.

पत्राला निमित्तही आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९८५ साली ५ डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन ठरवला, आणि २०२६ हे अख्खं वर्षच शाश्वत विकासासाठीचं आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक वर्ष म्हणून जाहीर केलं. म्हणजे फलक लागणार, भाषणं होणार, ‘तरुण हे उद्याचे शिल्पकार’ वगैरे वगैरे. फलक छापायला टाकण्याआधी एवढंच विचारते: त्या तासांतून मुलांच्या हाताला नेमकं काय लागतं?

मला काय लागलं ते आधी सांगते.

एकोणीस वर्षांची होते. इतिहासाचा पेपर, तीन तास आणि वर जादा वेळ. ज्याच्यासाठी लिहायचं तो मुलगा माझ्याहून दोन वर्षांनी लहान. निघताना आमच्या समन्वयक ताईंनी दोनच वाक्यं सांगितली होती. ‘तो सांगेल ते लिही. तो चुकला तर चूक लिही.’ यात सांगण्यासारखं काय आहे म्हणून मला हसूच आलं होतं. पहिल्याच उत्तरात त्याने सन चुकवलं. बरोबर सन मला पाठ होतं. पेन कागदावर टेकलं आणि तिथंच राहिलं. त्याच्या डाव्या हाताची बोटं बाकाच्या कडेवरून सारखी मागेपुढे होत होती, तीही थांबली. पेनचा आवाज बंद पडला की न दिसणाऱ्याला ते लगेच कळतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ‘काय झालं?’ त्याने विचारलं. ‘काही नाही,’ म्हणाले आणि चुकीचं सन लिहून टाकलं. शेवटच्या दहा मिनिटांत त्याने पहिलं उत्तर वाचून दाखवायला सांगितलं. सन आलं तेव्हा आवाज सपाट ठेवायला मला जेवढे कष्ट पडले, तेवढे तीन तास लिहायला पडले नव्हते. तो जरा घुटमळला. मग म्हणाला, ‘ठीक आहे, राहू द्या.’

घरी जाताना ‘पुण्य केलं’ वगैरे काही वाटत नव्हतं. उलट हुरहूर होती, त्याचे दोन गुण आपण हातचे घालवले अशी. पण काहीतरी बदललं होतं, आणि ते काय हे समजायला मला पुढे बराच काळ लागला. दुसऱ्या माणसाची एक मोठी गोष्ट तीन तास पूर्णपणे माझ्या हातात होती. मी ती बिघडवू शकत होते. ‘सुधारू’ही शकत होते. दोन्हींतलं काहीच न करणं हे माझ्यावर सोडलेलं होतं. पर्यवेक्षक दुसऱ्या टोकाला पेंगत होते, म्हणजे खरोखरच माझ्यावर. त्या वयापर्यंत घरात किंवा वर्गात इतक्या विश्वासाने मला कुणी काही दिलंच नव्हतं.

त्याच वर्षी दुसऱ्या एका संस्थेच्या वृक्षारोपणालाही गेले होते. टी-शर्ट मिळाला, टोपी मिळाली. खड्डे आधीच खणलेले, रोपं आधीच मांडून ठेवलेली. पाहुणे आले, आम्ही रोपाला हात लावून उभे राहिलो, फोटो झाला, पाहुणे गेले. शेजारच्या मुलाने विचारलं, ‘हे झाड कसलं आहे?’ कुणालाच माहीत नव्हतं, टोप्या वाटणाऱ्यालाही नाही. त्याला पाणी कोण घालणार हेही कुणी सांगितलं नाही. प्रमाणपत्रावर आठ तास लागले. आम्ही तिथं जेमतेम तीन तास होतो आणि त्यातले दोन पाहुण्यांची वाट बघण्यात गेले होते. एक पेपर आणि एक झाड. अहवालात दोन्ही एकाच रकान्यात बसले असणार.

हा टी-शर्ट काही माझाच शोध नाही. रॉजर हार्ट यांनी युनिसेफसाठी १९९२ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. कल्पना मूळची शेरी आर्नस्टाइन या अमेरिकी अभ्यासक बाईंची. नागरिकांना कारभारात खरोखर किती वाटा मिळतो हे दाखवायला त्यांनी १९६९ मध्ये तशी शिडी काढली होती. हार्ट यांच्या शिडीत सगळ्यांत खाली आहे मुलांना वापरून घेणं, त्याच्या वर शोभेपुरतं उभं करणं, त्याच्या वर नावापुरतं घेणं. या तिन्हींना ते सहभाग मानतच नाहीत. आणि ‘शोभेपुरतं’ म्हणजे काय हे सांगताना त्यांनी जो दाखला दिलाय तो नेमका हाच: एखाद्या कार्याचा टी-शर्ट घालून मुलं कार्यक्रमात नाचतात-गातात, पण ते कार्य काय आहे आणि कार्यक्रम कुणी ठरवला याचा त्यांना पत्ता नसतो. हे वाचलं तेव्हा मी समन्वयक होऊन सहा वर्षं झाली होती आणि कपाटात दीडशे टी-शर्ट पडून होते.

शिडी म्हटली की आपण लगेच वरची पायरी बघतो. मला मात्र चौथी पायरी फार महत्त्वाची वाटते. खऱ्या सहभागाची सुरुवात हार्ट तिथून धरतात. काम मोठ्यांनीच ठरवून दिलेलं असतं, पण ते कशासाठी आहे, कुणी ठरवलं, आपला त्यात काय वाटा आहे हे मुलांना नीट सांगितलेलं असतं आणि मग ती आपणहून त्यात उतरतात. बस्स, इतकंच. मान मोडून हमाली करायची असली तरी चालेल, पण ती कशाची हमाली आहे हे कळलं पाहिजे.

४ नोव्हेंबर १९६६ ला आर्नो नदीचं पाणी इटलीतल्या फ्लोरेन्स शहरात घुसलं. नदीकाठच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या तळघरांत लाखो पुस्तकं चिखलात आणि तेलात बुडाली. देशोदेशीचे तरुण तिथं पोचले. त्यांना कुणी निर्णय घ्यायला बोलावलं नव्हतं. त्यांनी तळघरापासून वरपर्यंत रांग धरली आणि पुस्तकं हातोहात वर काढली, दिवसेंदिवस. एक जड, ओलं, घाण वास मारणारं पुस्तक डावीकडून घ्यायचं आणि उजवीकडे द्यायचं. इटलीत त्यांना आजही ‘चिखलातले देवदूत’ म्हणतात. पण देवदूत वगैरे सोडा, मला त्या रांगेतली जागा दिसते. हातातलं पुस्तक शेकडो वर्षांचं आहे हे त्या मुलाला माहीत होतं. ते पुढे धुतलं जाईल, सुकवलं जाईल हे माहीत होतं (काही पुस्तकं तर तंबाखू वाळवायच्या भट्ट्यांत नेऊन सुकवली गेली). आपण हात सोडला तर रांग तुटते, हे तर तळव्यालाच कळत होतं. आमच्या वृक्षारोपणात मी हात सोडला असता तर काहीही तुटलं नसतं.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही मुलांना प्रोत्साहन तर देतोच की. देता, खरं आहे. पण अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये याचा फार नेटका उलगडा केला आहे. ‘मला हे जमेल’ हा भरवसा माणसात चार वाटांनी येतो, असं त्यांनी मांडलं: स्वतः करून दाखवल्याने, आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना पाहिल्याने, कुणी ‘तुला जमेल’ असं सांगितल्याने आणि त्या वेळी आपल्या अंगाला काय जाणवतंय, धडधड होतेय की शांत वाटतंय, त्यावरून. चारांत जोरकस वाट पहिली. भाषण तिसऱ्या वाटेने जातं. आपला सगळा खर्च त्याच वाटेवर: व्यासपीठ, ध्वनिक्षेपक, प्रेरणादायी वक्ता. बंडुरांनी आणखी एक गोष्ट बजावली होती. ज्यांना नुसतं सोपं यशच मिळत आलंय ती माणसं पहिल्या अपयशाला कोसळतात. म्हणजे खड्डे आधीच खणून ठेवलेलं वृक्षारोपण नुसतं निरुपयोगी नाही, मुलाला थोडं ठिसूळ करूनच ते घरी पाठवतं.

यावर उपाय मी शोधला नाही. तो माझ्यावर घशाच्या सुजेमुळे आला.

परीक्षांच्या हंगामात आमच्याकडे एक जाड वही असायची. उभ्या रेघा मारून रकाने पाडलेले: विद्यार्थी, विषय, केंद्र, तारीख, वेळ, लेखनिक. त्या वहीवर सगळं चालायचं आणि ती माझ्याकडे असायची. मुलं येत, पेपर लिहीत, जात. वही कुणाच्या हाती द्यावी असं मला कधी वाटलंच नाही. उलट ती माझ्याकडे आहे म्हणून सगळं सुरळीत चाललंय, अशी माझी समजूत. एका वर्षी ऐन हंगामात माझा आवाज पूर्ण बसला. पंधरा दिवस बोलायचं नाही, डॉक्टरांनी दम दिला. फोन कोण करणार? वीस वर्षांची एक मुलगी दोन वर्षं लेखनिक म्हणून येत होती. नाइलाज म्हणून वही तिच्यापुढे सरकवली.

दुसऱ्या दिवशी बघते तर तिने वहीत एक नवा रकाना पाडलेला. ‘विद्यार्थ्याला कसा लेखनिक हवा?’ मी भुवया उंचावल्या. ती म्हणाली, ‘मी सगळ्यांना फोन करून विचारलं.’ इतक्या वर्षांत हे मी एकदाही विचारलं नव्हतं. कोण मोकळं आहे ते बघायचं आणि पाठवायचं, एवढीच माझी रीत. त्या रकान्यात काय काय होतं! एकीला मुलगीच लेखनिक हवी होती आणि आजवर ती ते सांगायला लाजत होती. एकाला सूत्रं लिहिताना कंसांचा घोळ न करणारा हवा होता. एकाने सांगितलं होतं, ‘उसासे न टाकणारा.’ ते वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले, कारण त्याच्याकडे आदल्या वर्षी कुणाला पाठवलं होतं ते मला आठवत होतं. मीच गेले होते.

ही गोष्ट इथंच थांबली असती तर छान अहवालात घालण्यासारखी झाली असती. पण दहाव्या दिवशी घोटाळा झाला. एका पेपरची तारीख पुढेमागे झाली होती आणि वहीत जुनीच राहिली. एक मुलगा केंद्रावर जाऊन बसला आणि त्याच्यासाठी लेखनिक नाही. तिला कळलं तेव्हा पेपरला वीस मिनिटं उरली होती. जवळ राहणारा कुणी सापडेना, म्हणून ती स्वतःच धावली. पोचेपर्यंत पेपर सुरू होऊन पंधरा मिनिटं गेली होती. ती भरून दिली नाहीत.

दुसऱ्या दिवशी तिने वही माझ्या टेबलावर ठेवली. ‘तुमच्याकडेच असू द्या.’ खरं सांगते, माझा हात पुढे गेला होता. एका मुलाचं वर्ष पणाला लागलं होतं, मी रागावलेही होते आणि घसाही आता बरा वाटू लागला होता. पण वही परत घेतली तर ही मुलगी आयुष्यभर काय लक्षात ठेवील, हा विचार आडवा आला. मी पाटीवर लिहिलं (बोलायला अजून बंदीच होती): ‘आता काय करायचं, ते तू सांग.’ ती चिडली. रडलीही. मग संध्याकाळी परत आली. आदल्या रात्री प्रत्येक विद्यार्थ्याला फोन करून तारीख वाचून दाखवायची, आणि हे काम एकाने नाही, दोघांनी वेगवेगळं करायचं, अशी तिने घडी बसवली. मग एकटीच त्या मुलाकडे माफी मागायला गेली. तो म्हणाला, ‘तारीख बदललीय हे मला माहीत होतं की. मला विचारलं असतं तर मीच सांगितलं असतं.’

पुढच्या हंगामात निम्मे फोन त्या मुलाने केले. यादी ब्रेलमध्ये उतरवून घेतली होती त्याने, आणि तारखांत एक चूक झाली नाही.

या प्रसंगाला मी ‘सक्षमीकरणाची यशोगाथा’ म्हणणार नाही, कारण पंधरा मिनिटं बुडाली ती त्याची बुडाली. पण तिला त्या पंधरा दिवसांत जे मिळालं त्याला नाव आहे. मार्क झिमरमन या अभ्यासकाने १९९५ मध्ये या सक्षम होण्याची तीन अंगं सांगितली आहेत. एक, स्वतःबद्दलची जाणीव, की माझ्याने काही होऊ शकतं. दोन, आजूबाजूची यंत्रणा कशी चालते, कोण ठरवतं, कुठे काय अडतं याची समज. तीन, त्यावर प्रत्यक्ष केलेली हालचाल. आपण पहिल्यावर सगळा भर देतो. दुसरं अंग मात्र वही हातात आल्याशिवाय येतच नाही. जादा वेळेचं पत्र कुणाच्या सहीने निघतं, ती सही कुठे अडकते, तारीख बदलल्याची सूचना केंद्राला मिळते पण आपल्याला मिळत नाही ती का, हे सगळं तिला आठवड्याभरात कळलं. हंगाम संपल्यावर तिने परीक्षा घेणाऱ्यांना एक अर्ज लिहिला: बदललेल्या तारखा लेखनिक पुरवणाऱ्यांनाही कळवत जा. अर्जाला उत्तर आलं नाही. तिने दुसरा पाठवला. माझ्या काळात मी असा एकही पाठवला नव्हता. मी फोनवर विनवण्या करायचे.

ज्यांना वाटतं की एवढी मोठी जबाबदारी तरुणांना झेपत नाही, त्यांनी क्राइस्टचर्चकडे बघावं. ४ सप्टेंबर २०१० ला न्यूझीलंडमधल्या या शहरात भूकंप झाला आणि जमिनीतून उसळून आलेल्या वाळू-गाळाने अंगणं नि रस्ते भरले. सॅम जॉन्सन या तिथल्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने फेसबुकवर हाक दिली आणि मुलं फावडी घेऊन निघाली. फेब्रुवारी २०११ मध्ये दुसरा, फार जास्त घातक भूकंप झाला, १८५ माणसं दगावली, तेव्हा ही जमवाजमव आधीच तयार होती. हजारो विद्यार्थी गल्ल्या वाटून घेऊन गाळ उपसत होते. फावडं तर कुणीही मारतं. कुठल्या गल्लीला किती माणसं, अवजारं कुठून, कोण कुणाला कळवणार, ही डोकेफोड मुलांनी स्वतः केली, हे विशेष. ‘स्टुडंट व्हॉलंटियर आर्मी’ नावाने ते काम टिकलं, आणि दहा वर्षांनी कोविडच्या टाळेबंदीत तीच संस्था लोकांना घरपोच वाणसामान नेऊन देत होती. टिकलं ते त्या डोकेफोडीमुळे, असं मला वाटतं.

मात्र मुलांवर टाकून आपण निघून जाणं म्हणजे विश्वास, असाही अर्थ कुणी काढू नये. हार्ट यांच्या शिडीत मुलं सगळं स्वतःच करतात ती पायरी सातवी. आठवी, सगळ्यांत वरची, ती मुलांनी सुरू करून मोठ्यांबरोबर मिळून ठरवण्याची. ‘तुमचं तुम्ही बघा’ म्हणून समन्वयक गायब झालेले मी पुष्कळ पाहिलेत. मुलं थकतात, भांडतात, आणि पुन्हा कधी फिरकत नाहीत.

सक्तीबद्दल थोडं. सेवेचे तास पूर्ण केल्याशिवाय शिक्षण पूर्ण नाही, असे नियम जगात बऱ्याच ठिकाणी आहेत. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात शाळा संपवायला चाळीस तास लागतात, अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात पंच्याहत्तर. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय कामगार-सांख्यिकी परिषदेने स्वयंसेवी कामाची जी व्याख्या ठरवली त्यात ‘बिनमोबदला’ आणि ‘सक्तीचं नसलेलं’ हे दोन्ही शब्द आहेत. म्हणजे तास भरून घेण्याला ते नाव लागतच नाही. स्टूकास, स्नायडर आणि क्लॅरी या तिघांनी १९९९ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात, ज्यांना मुळात अशा कामाची ओढ नव्हती त्यांची पुढे स्वतःहून काम करण्याची इच्छा सक्तीमुळे आणखी खाली गेलेली दिसली. तरीही मी सक्तीच्या अगदी विरोधात नाही. आमच्याकडे तास भरायला आलेली कितीतरी मुलं नंतर राहिली. पण राहिली ती कोण? ज्यांना आम्ही विचारलं होतं की पेपर लिहायचाय, पुस्तकं ध्वनिमुद्रित करायचीत, की फोन सांभाळायचेत. दाराशी निवड करता आली की आतली सक्ती बोचत नाही.

आता ज्यांच्यासाठी हे सगळं चालतं त्यांच्याकडे वळते, कारण या विषयावर बोलताना आपण त्यांना हटकून विसरतो. आमच्या मुलांना अनुभव मिळावा म्हणून कुणी आंधळं नाही, कुणी अनाथ नाही. बालगृहांत आठवडाभरासाठी येणारे स्वयंसेवक हा तर फार दुखरा विषय आहे. मूल लळा लावून घेतं आणि ताई-दादा निघून जातात, मग दुसरे येतात, तेही जातात. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांवरच्या ठरावात अनाथालयांतल्या अशा स्वयंसेवी उपक्रमांनी होणाऱ्या हानीचा स्पष्ट उल्लेख केला. दुबळ्याच्या शेजारी उभं राहून स्वतःला बलवान वाटणं, ही सक्षमतेची सगळ्यांत स्वस्त आणि वाईट चव आहे. तरुणांना ती लवकर लागते, दोष आपला. म्हणून त्या दोन वाक्यांना मी आजही हात जोडते: ‘तो सांगेल ते लिही. तो चुकला तर चूक लिही.’ हाती आलेली शक्ती वापरायची नाही, हेही त्याच पेपरात शिकले.

आणि कोण येऊ शकतं, याचाही विचार करा. फुकट काम करायलाही पैसे लागतात. प्रवासाचा खर्च, बुडालेली रोजंदारी, धाकट्या भावंडाला कुणाकडे ठेवायचं. आपल्या फोटोतले चेहरे एकाच प्रकारच्या घरांतले असतात ते यामुळे. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे जगात दर महिन्याला सुमारे ८६ कोटी माणसं असं काही ना काही काम करतात, पण पंधरा वर्षांवरच्या माणसांपैकी संस्थांमार्फत करणारे फक्त ६.५ टक्के आणि आपापल्या पातळीवर, माणसामाणसांत करणारे १४.३ टक्के. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंची औषधं आणून देणारी, गल्लीतल्या पोरांचा अभ्यास घेणारी मुलगी स्वतःला स्वयंसेवक म्हणवत नाही. तिच्याकडे प्रमाणपत्र नाही. आमच्याकडे ती आली तेव्हा अर्जातल्या ‘पूर्वानुभव’ या रकान्यात तिने ‘नाही’ लिहिलं होतं.

मागणं फार नाही माझं. तुमच्या ठरवण्याच्या बैठकीत दोन स्वयंसेवकांना बसवा, चहा द्यायला नव्हे, मत द्यायला. एखादी छोटी रक्कम त्यांच्या सहीने खर्च होऊ द्या, हिशेब मात्र कडक मागा. प्रवासखर्च द्या, आणि तो मागावा लागणार नाही असा द्या. काम संपल्यावर त्याचं पुढे काय झालं ते कळवा: पेपरचा निकाल, झाडाची उंची, अर्जाचं उत्तर. झाड मेलं असेल तर मेलं म्हणून कळवा. प्रमाणपत्रावर तास लिहू नका, तिने काय ठरवलं आणि काय निस्तरलं ते दोन ओळींत लिहा. लिहायला काही सापडलं नाही, तर तिला काय काम दिलं होतं ते एकदा आठवून बघा. आणि चूक झाली की वही काढून घेऊ नका. हे सगळ्यांत अवघड, मला ठाऊक आहे. त्या दिवशी माझा हात अर्ध्यापर्यंत गेलाच होता.

वही आता माझ्याकडे नाही, त्या मुलीकडेही नाही. तिसरी की चौथी पिढी चालवते. मागच्या हंगामात सहज भेटायला गेले तर टेबलावर ती पडलेली होती, म्हणून चाळली. रकाने वाढलेत. एकावर नुसती फुली आणि ठिपके होते, मला काही अर्थ लागेना. समोरच्या मुलाला विचारलं, हे काय रे? त्याने वही हळूच आपल्याकडे ओढून घेतली आणि म्हणाला, ‘मावशी, ते आमचं आहे.’

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
एक जुनी लेखनिक